क्षेत्रफळ जुळलं म्हणून खुश झालो अन् तिथंच फसलो

नवीन पोरं विचारत असतात, भाऊ, ऑनलाइन नकाशाचं काम शिकायला कोणता क्लास लावू? क्लास-बिस लावू नका. मी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका व्हॅल्युएशनच्या (जमीन-घराची किंमत काढणाऱ्या) ऑफिसात लागलो तेव्हा मलाही काही येत नव्हतं, सगळं चुका करून करून आलं, अन् त्यातली एक चूक अशी आहे की आज सहा वर्षांनी लिहितानाही कान गरम होतात. तीच सांगायला बसलोय.

सातबारा कसा काढायचा ते सांगत नाही, येतंच तुम्हाला. महाभूनकाशावर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन जमीन-नकाशांच्या साइटवरही, काही जादू नाही, जिल्हा, तालुका, गाव, नंबर, मग मॅप रिपोर्ट, झाली पीडीएफ. गडबड होते ती आधीच. आपल्या जिल्ह्यात १४ तालुके आहेत, गावांची नावं सारखी, कुठं खुर्द, कुठं बुद्रुक, कुठं नावापुढं रिठी (म्हणजे ओस गाव), त्यामुळं मौजा (महसुली गाव) अन् पटवारी हलका (पटवाऱ्याच्या हद्दीचा नंबर) सातबाऱ्यावरून टिपून घ्या, गिऱ्हाईक तोंडानं सांगते त्यावर जाऊ नका. दुसरं म्हणजे साइटवर प्लॉट नंबर लिहिलेलं दिसलं की पोरं लेआउटचा प्लॉट नंबर टाकतात. लेआउटमधला २७ नंबर टाकला तं समोर २७ नंबरचा खसरा, म्हणजे त्या सरकारी नंबरचं शेत, येणार, कोणाचं तरी तुरीचं वावर, अन् पोरगं म्हणते साइट चुकीची आहे. तिथं खसराच टाकायचा. अन् सातबाऱ्यावर ४५/२ असून नकाशात नुसता ४५ दिसत असेल तर घाबरू नका, पोटहिस्स्याची (मूळ नंबरातून पडलेल्या तुकड्याची) मोजणी होऊन नकाशा दुरुस्त झाला नसेल तर असंच दिसते. पण मग त्या ४५ मधला दोन नंबरचा तुकडा कोणता, हे स्वतःच्या मनानं ठरवू नका, कृपा करून.

आता मुख्य गोष्ट.

कळमेश्वर तालुक्यातलं चार एकर वावर होतं, अर्ध्यात संत्र्याचा बगीचा. घेणारे काका रिटायर झालेले, त्यांचा प्रश्न एकच, पांदण, म्हणजे वावरात जायचा गाडीरस्ता, वावराला लागते का? रस्ता नाही तं संत्रा बाहेर कसा काढणार, प्रश्न रास्तच होता. सर बाहेरगावी गेले होते. मी म्हटलं, हे तं आपण बसल्या जागी सांगू.

नकाशाची पीडीएफ काढली, तिचं चित्र केलं, गूगल अर्थ प्रो उघडलं, त्यात इमेज ओव्हरले म्हणून सोय आहे, म्हणजे आपलं चित्र सॅटेलाइटच्या चित्रावर अंथरायचं. हिरव्या खुणा येतात, मधली धरून सरकवायचं, डावीकडची धरून फिरवायचं, कोपरे धरून ताणायचं, अन् वर पारदर्शकतेची पट्टी. मला ते टूल इतकं आवडलं होतं की काय सांगू. नकाशात एक नाला होता, त्याला इंग्रजी एस सारखं वळण, सॅटेलाइटवरही नाल्याला तसंच वळण. वळणावर वळण बसवलं, थोडं फिरवलं, थोडं ताणलं, फिट्ट! मग रूलरमधून पॉलिगॉन काढून वावराचं क्षेत्रफळ मोजलं. सातबाऱ्यावर १.६२ हेक्टर, माझं आलं १.६१. चार एकरात आरभर, म्हणजे शंभर चौरस मीटरचा, फरक. मी खुर्चीतून उठून टपरीवर गेलो, चहा पिला, अन् तिथूनच काकांना फोन, हो काका, पांदण लागून आहे, चांगलं १६ मीटरचं तोंड आहे.

काकांनी बयाना दिला.

नंतर रीतसर मोजणी झाली, भूकरमापकानं (सरकारी मोजणीदारानं) खुणा रोवल्या, तं पांदण अन् वावर यांच्या मधात शेजाऱ्याची पट्टी. माझा अख्खा नकाशा २२ मीटर सरकलेला होता.

आता हे नीट समजून घ्या, मी दोनदा-तीनदा सांगेन, कंटाळा आला तरी वाचा. क्षेत्रफळ जुळणं म्हणजे जागा जुळणं नाही. टेबलावरची वही तुम्ही हातभर डावीकडं सरकवली तर वही लहान-मोठी होते का? नाही होत. तसंच नकाशा २२ मीटर सरकला काय अन् २०० मीटर सरकला काय, क्षेत्रफळ १.६१ च येणार. त्या आकड्यानं एवढंच कळते की चित्र जेवढं लहान-मोठं करायचं तेवढंच तुम्ही केलं. वावर कुठं आहे हे तो आकडा सांगतच नाही. अन् मी नेमका त्याच आकड्यावर निश्चिंत झालो.

मग सरकला काऊन? आमच्याकडं एक रिटायर्ड भूकरमापक काका यायचे, त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला अन् म्हणाले, "नाला कोणी सरकवला ते विचारलं का बे?" मी गूगल अर्थमधलं घड्याळाचं बटण दाबून जुनी चित्रं पाहिली, तं खरंच, आधीचा नाला वेगळ्या जागी होता. मधल्या वर्षांत खोलीकरण झालं होतं, जेसीबीनं पात्र रुंद केलं, वळण पुढं ढकललं. नकाशातला नाला जुना, सॅटेलाइटवरचा नवा, अन् मी दोघांची गाठ मारून दिली.

तेव्हापासून मी नाला, पांदण, झाड, कुंपण यांच्यावर नकाशा बसवत नाही, ते सरकतात किंवा लोक सरकवतात. जुनी बांधीव विहीर, गावठाणाचा कोपरा, तीन गावांच्या शिवा (हद्दी) मिळतात ती जागा, असले बिंदू धरतो, निदान चार, अन् चारही लांब-लांब, एका कोपऱ्यात गोळा झालेले नाही. पाचवा बिंदू मुद्दाम सोडून ठेवतो. चारांवर बसवलं की तो पाचवा आपोआप जागेवर येतो का ते पाहतो. नाही आला तं बसवणं चुकलं, मग त्याला ओढून जागेवर आणू नका, ती सवय वाईट आहे, मला होती. अन् एकच कोपरा धरून ताणलं की चित्र वाकडं होते, शिफ्ट दाबून ओढलं तर सगळं सारख्या प्रमाणात वाढते. मग आपलं वावर सोडून शेजारच्या पाच-सहा वावरांचे धुरे (बांध) पाहायचे. ते सगळे एकाच बाजूला सरकलेले दिसले तर चूक त्या धुऱ्यांची नाही, तुमची आहे.

एवढं करूनही मीटर-दोन मीटरच्या गोष्टी बोलायच्या नाहीत. नकाशा १:४००० चा असेल तर कागदावरची मिलिमीटरभर जाड रेघ जमिनीवर ४ मीटर होते. म्हणजे रेघेच्या जाडीतच बैलगाडी जाईल. स्क्रीनवर झूम करून रेघ बारीक दिसते म्हणून ती बारीक होत नाही.

सातबाऱ्याशी आकडा जुळवताना पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) धरून एकूण क्षेत्र घ्या, नुसतं लागवडीखालचं घेतलं तर उगाच फरक दिसतो अन् तुम्ही चांगला बसलेला नकाशा बिघडवत बसता. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, म्हणजे अंदाजे एकर, हे एकदा डोक्यात बसलं की बसलं.

व्हॉट्सॲपवर तयार केएमएल फाइली (गूगल अर्थमध्ये थेट उघडणारे, आधीच बसवलेले नकाशे) फिरतात ना, कोणी बसवल्या, कशावर बसवल्या काही पत्ता नसते, मी त्या उघडतसुद्धा नाही. अन् गुरू करायचाच असेल तर ज्याच्या चपलेला चिखल लागलेला आहे असा करा, व्हिडिओवाले सर छान बोलतात पण धुऱ्यावर उभे राहिलेले दिसत नाहीत. हे माझं मत आहे, पटत नसेल तर सोडून द्या.

काकांचा बयाना बरीच कटकट होऊन परत मिळाला. रजिस्ट्री झाली नव्हती म्हणून वाचलो. सरांनी मला रागावलं नाही, नुसतं सांगितलं की काकांना फोन तूच कर. तो फोन मी केला. काका परत काही आमच्याकडं आले नाहीत. नोकरी मात्र गेली नाही, अन् तुमचीही जाणार नाही, पहिल्या वर्षी सगळ्यांचंच काहीतरी सरकते. फक्त फोनवर हो काका म्हणायच्या आधी थांबा, अन् हद्दीचा प्रश्न असेल तर सरळ सांगा की भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज टाका, क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) आली की बोलू. गिऱ्हाईक तोंड वाकडं करते, करू द्या.

अन् साइटवर जाऊन बिंदू तपासायचे असतील तर मे महिन्यात अकराच्या आत आटपा, नकाशाची प्रिंट सोबत ठेवा, नागपूरच्या उन्हात मोबाइल तापून नेमका विहिरीजवळ पोचल्यावर बंद पडते.