जुन्या विंडोजवर ब्राउझर टाकताय? या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातल्या डीटीपीच्या दुकानात अजून विंडोज 7 का, हे बाहेरच्याला कळत नाही. पानं लावायचं पेजमेकर, मराठी फॉन्टच्या श्रीलिपीचा डोंगल (सॉफ्टवेअर चालू करणारी यूएसबीसारखी किल्ली), वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फाइली, सगळं त्या एका मशीनवर बसलेलं असतं. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपात तर कटिंग मशीनचा पीसी एक्सपीवरच अडकलेला असतो, कारण पुढच्या विंडोजसाठी ड्रायव्हर आलाच नाही. त्यामुळे ‘नवीन घेऊन टाका की’ हा सल्ला बाजूला ठेवू. गिऱ्हाइकाने जीमेलवर पाठवलेला मजकूर उघडायचा कसा, एवढाच प्रश्न आहे.

मशीन न बघता डाउनलोड. आधी विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, ‘विनव्हर’ (winver) इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. कोणतं विंडोज, कोणता सर्व्हिस पॅक (विंडोजच्या दुरुस्त्यांचा मोठा गठ्ठा), ते समोर येईल. विंडोज 7 वर सर्व्हिस पॅक 1 नसेल तर पहिलं काम तेच. 32 बिट की 64, हे कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये दिसतं. 32 बिटच्या विंडोजवर 64 बिटचा सेटअप चालणार नाही, कितीही वेळा डबल क्लिक करा.

‘फुल सेटअप’च्या मागे धावणं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सर्चमध्ये ‘विंडोज 7 साठी क्रोम’ टाकलं की भलत्याच साइट वर येतात, हिरवं मोठं बटण दाबलं जातं, आणि क्रोमबरोबर दोन टूलबार आणि एक ‘पीसी क्लीनर’ फुकटात घरात शिरतो. विंडोज 7, 8 आणि 8.1 वर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे 109. फेब्रुवारी 2023 मध्ये आलेल्या 110 पासून विंडोज 10 लागतं. 109 आजही उघडतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण त्यानंतर सापडलेली भोकं त्यात तशीच उघडी आहेत.

माझं मत विचाराल तर विंडोज 7 वर फायरफॉक्स 115 ईएसआर टाका, म्हणजे जास्त काळ सुरक्षा अपडेट मिळणारी आवृत्ती. साधं फायरफॉक्स नको, ईएसआरच. 115 नंतरचं फायरफॉक्स विंडोज 7 वर चालत नाही, पण या ईएसआरची सुरक्षा अपडेटची मुदत फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने एकदा नाही, अनेकदा वाढवली आहे. सध्याची मुदत त्यांच्याच साइटवर बघून घ्या. जुन्या ब्राउझरमध्ये ती साइटच उघडत नसेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर सेटअप उतरवा आणि पेनड्राइव्हने आणा. आधीपासून 115 असेल तर हेल्पमधल्या अबाउटमध्ये जाऊन अपडेट करून घ्या. 115.13 च्या आधीच्या ईएसआरमध्ये 14 मार्च 2025 नंतर ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) बंद पडले, कारण त्यांची खात्री पटवणारं मूळ सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, संपलं. जाहिराती अडवणारं ॲड-ऑन अचानक गेलं असेल तर बहुधा हेच कारण.

घड्याळाकडे दुर्लक्ष. शुक्रवारच्या सुट्टीला मेन स्विच बंद करून गेलात आणि शनिवारी प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणू लागली, तर ब्राउझरला शिव्या देऊ नका. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल उतरला की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि साइटचं आजचं सर्टिफिकेट मशीनला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं. सेल बदला, तारीख लावा. ‘ॲडव्हान्स्ड’वर जाऊन ‘तरीही पुढे जा’ दाबायची सवय मात्र लावून घेऊ नका.

तारीख बरोबर असूनही काही साइट अडत असतील, तर दोष विंडोजच्या सर्टिफिकेटांच्या यादीचा असू शकतो. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साइटना आधार देणारं एक जुनं मूळ सर्टिफिकेट 30 सप्टेंबर 2021 ला संपलं आणि बरीच जुनी मशीन तिथे अडली. फायरफॉक्स स्वतःची यादी स्वतःबरोबर आणतं, म्हणून जुन्या मशीनवर ते सहसा कमी कुरकुर करतं.

एक्सपीला विंडोज 7 समजणं. एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 लाच संपला. त्यावर क्रोम 49 आणि फायरफॉक्स 52 ईएसआर शेवटचे. सुपरमियम किंवा मायपालसारखे हौशी लोकांनी जुळवलेले ब्राउझर एक्सपीवर चालतात, पण ब्राउझर नवा झाला म्हणून खालचं विंडोज नवं होत नाही. कटिंग मशीनचा पीसी नेटपासून तोडलेलाच बरा. ड्रॉइंगची फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवा, पेनड्राइव्ह तिथेच स्कॅन करा आणि मग आणा.

त्याच मशीनवर बँक. ब्राउझर कुठलाही असो, नेटबँकिंग आणि जीएसटीचं लॉगिन विंडोज 7 वर नकोच. ते अपडेट मिळणाऱ्या फोनवर किंवा दुसऱ्या पीसीवर करा.

डोंगल नाही, ड्रायव्हर नाही, नुसतं मेल आणि वीजबिल बघायचं असेल, तर जुनं विंडोज सांभाळत बसण्यात अर्थ नाही. 64 बिटचं मशीन आणि 4 जीबी रॅम असेल तर विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवरून आधी नुसती चालवून बघा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर, तिन्ही तिथेच तपासून घ्या. बऱ्याचदा नडतो तो प्रिंटर.