खंडांच्या मांडणीवरून प्राचीन हवामान कसे ओळखावे

ठाणे-नवी मुंबईकरांनी हा अभ्यास पारसिकच्या डोंगरापासून सुरू करावा. तिथला काळा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारूपाने बाहेर पडला, तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

साहित्य म्हणून पृथ्वीगोल, ट्रेसिंग पेपर आणि कात्री पुरते. खंडांच्या आकृत्या गोलावरूनच उतरवाव्यात, कारण भिंतीवरच्या अनेक नकाशांत ध्रुवांकडचे प्रदेश फुगलेले दिसतात. शिवाय किनाऱ्याऐवजी भूखंडमंचाची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या पाण्याखालच्या उथळ भागाची, कड धरली, तर दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका अधिक नेटकी जुळतात.

आता ३० कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवनाचे, म्हणजे भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका जोडलेल्या महाखंडाचे, तुकडे दक्षिण ध्रुवाभोवती मांडावेत आणि सर्वांत आधी ध्रुवावर जमीन आहे का, हे पाहावे. जमिनीवर हिम वर्षानुवर्षे साचून जाड थर होतो, तो ऊन परतवतो आणि त्यामुळे गारठा आणखी वाढतो. तेव्हा भारताच्या बऱ्याच भागावर असा बर्फ होता. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडकावर, हिमनदीत अडकलेल्या दगडधोंड्यांनी पाडलेले समांतर ओरखडे आढळतात. आपल्याच राज्यातला हा पुरावा प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

पुढे समुद्राच्या वाटा तपासाव्यात. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका अंटार्क्टिकापासून दूर सरकल्यावर त्या खंडाभोवती थंड प्रवाह फिरू लागला. सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी तिथे मोठे हिमावरण तयार झाले, परंतु त्याचे सारे श्रेय या प्रवाहाला देऊ नये, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्या सुमारास घटत होता.

हा वायू घटण्यातही खंडांचा वाटा असतो. उष्ण, पावसाळी पट्ट्यात बेसॉल्टची झीज वेगाने होते आणि त्या रासायनिक क्रियेत कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. म्हणून दख्खनचा कातळ विषुववृत्ताकडे सरकल्याने पृथ्वी थंड होण्यास हातभार लागला, असे काही संशोधक मानतात. पारसिकच्या उघड्या कातळावरचा तांबूस, ठिसूळ थर ही अशाच झिजेची खूण आहे, ती जवळून पाहावी.

डोंगररांगा आणि समुद्रापासूनचे अंतर शेवटी पाहिले तरी चालते. पॅन्जियाचा, म्हणजे जवळजवळ सर्व खंड एकत्र असलेल्या प्राचीन महाखंडाचा, अंतर्भाग कोरडा असणार, असा अंदाज बांधला की त्या काळच्या खडकांत मिठाचे थर शोधावेत. प्रवाळखडक उबदार उथळ समुद्र सुचवतात. दगडी कोळशावरून मात्र उष्णता गृहीत धरू नये, कारण गोंडवनातला बराच कोळसा थंड प्रदेशातल्या दलदलींत तयार झाला.