सॅक्सोफोनवर मींड घ्यायची तर आधी सूर मोकळा करा

सॅक्सोफोन हाती घेऊन वर्ष झालं की शिकणाऱ्याच्या दोन तक्रारी सुरू होतात. सूर पातळ आणि चिरका येतो, ही पहिली. दुसरी अशी, की स्वर खाली ओढायला जावं तर तो वाकतच नाही, मध्येच तुटतो नाहीतर किंचाळतो. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच असतं: खालचा जबडा रीडला, म्हणजे फुंकेने थरथरून सूर काढणाऱ्या वेताच्या पट्टीला, चावून बसलेला असतो. चावलेली रीड नीट थरथरत नाही, म्हणून सूर भरत नाही, आणि तोंडाला हालचालीला जागाच उरत नाही, म्हणून स्वर वाकत नाही. मी स्वतः पहिली दोन वर्षं खालच्या ओठाच्या आत दातांचे वळ घेऊन हिंडलो आणि दोष माउथपीसला, म्हणजे रीड बसवलेल्या, तोंडात धरायच्या भागाला देत राहिलो. नवा माउथपीस आणला, तरी वळ तिथेच होते.

म्हणून खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, शेवटी आहे, पण तिची तयारी पहिल्या पायरीपासूनच चालू असते.

वाद्य आणि रीड

सर्वांत खालचा बी फ्लॅट (स्वरांची नावं इथे पाश्चात्त्य पद्धतीची आहेत) हलक्या फुंकेत लागतो का, ते आधी बघा. लागत नसेल, थरथरत असेल किंवा जोर लावल्यावरच बोलत असेल, तर बहुतेक वेळा एखादा पॅड, म्हणजे भोक झाकणारी गादी, नीट बसत नसतो आणि हवा गळत असते. अशा वाद्यावर कितीही रियाज केला तरी उपयोग नाही, आधी दुरुस्ती करून घ्या. रीड नवशिक्याने २ किंवा २½ क्रमांकाची घ्यावी. फार मऊ रीड वरच्या स्वरांना दबून बंद होते, फार कडक रीडवर नुसता वाऱ्याचा आवाज येतो आणि माणूस आपोआप चावायला लागतो. रीडचं टोक माउथपीसच्या टोकाशी बरोबर जुळलं पाहिजे. केसभर इकडेतिकडे झालं तरी फरक कानाला कळतो.

जबडा सोडायला शिका

वरचे दात माउथपीसवर टेकवा. खालचा ओठ दातांवर किंचित वळवून रीडखाली पातळ उशीसारखा ठेवा. ओठांचे कोपरे आत, मधल्या दिशेला आवळा. पकड चहूबाजूंनी सारखी हवी, थैलीचं तोंड दोरीने आवळावं तशी. नुसती वरखाली दाबली तर ती पकड नव्हे, ते चावणं झालं.

आता परीक्षा. माउथपीस वाद्यापासून काढा, नुसता तोंडात धरून मध्यम जोराने फुंका आणि ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर बघा. आल्टो सॅक्सोफोनच्या माउथपीसवर सुमारे ८८० हर्ट्झ, म्हणजे पियानोवरचा ए यावा. त्याहून मोठ्या टेनर सॅक्सोफोनवर सुमारे ७८४ हर्ट्झ, म्हणजे जी. जॅझ वाजवणारे पुष्कळ जण याहूनही एकदोन स्वर खाली असतात आणि त्यात काही बिघडत नाही. मात्र तुमचा काटा बी किंवा सीकडे गेला असेल, तर तुम्ही चावत आहात. आरशाची गरज नाही, हा एक आकडा सगळं सांगतो.

लांब स्वर

गायक खर्ज भरतात, तसाच हा रियाज. मधल्या जीपासून सुरुवात करा आणि एकेक स्वर उतरत खालच्या बी फ्लॅटपर्यंत या. प्रत्येक स्वर अगदी हलका उचला, हळूहळू भरत पूर्ण जोरावर न्या आणि तसाच विझवत आणा. काटा जागचा हलता कामा नये. हलकं वाजवताना बहुतेकांचा स्वर चढतो, कारण ओठ नकळत आवळले जातात. त्या क्षणी जबडा सोडा आणि फुंक पोटातून चालू ठेवा. आवाज कमी झाला तरी हवेचा वेग पडू द्यायचा नाही. या पायरीला कंटाळा येतो हे खरं, पण पंधरवड्यात फरक ऐकू येतो.

माउथपीसवरची मींड

खरी गंमत इथे सुरू होते, आणि इथेच सगळ्यांत जास्त वेळ द्यावा असं मी म्हणेन. नुसत्या माउथपीसवर तो ए लावा. आता जबडा न हलवता तो जी शार्पवर आणा, मग जी, एफ शार्प, असं उतरत डीपर्यंत जा. पहिल्या दिवशी अर्धा स्वरही उतरणार नाही.

जबडा हलवायचा नाही, तर हलवायचं काय? शीळ घालून बघा. उंच स्वरावरून खाली येताना ओठ फारसे हलत नाहीत. जिभेचा मागचा भाग खाली जातो आणि तोंडातली पोकळी मोठी होते. मनात ‘ई’ म्हणत सुरू करून ‘ए’, ‘ऑ’ असं जाताना जीभ जशी बसत जाते, तेच माउथपीस तोंडात असताना करायचं. प्रत्येक स्वर आधी गुणगुणून घ्या. गळ्याने जो स्वर नेमका लावला, तो जिभेला लवकर सापडतो. एकदम घसरत खाली येणं सोपं असतं. मधल्या प्रत्येक स्वरावर थांबता आलं, तरच ते तुमच्या ताब्यात आलं.

उपस्वर

माउथपीस परत लावा. बोटं न बदलता त्याच नळीतून निघणारे वरचे स्वर म्हणजे उपस्वर. बोटं खालच्या बी फ्लॅटवर ठेवा आणि ती न हलवता, सप्तक वर नेणारी ऑक्टेव्ह कळ न दाबता, आधी वरचा बी फ्लॅट, मग एफ, मग त्यावरचा बी फ्लॅट आणि जमेल तेव्हा डी काढा. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून पहिला उपस्वर बरोबर सप्तकभर वर लागतो. सरळ नळीच्या क्लॅरिनेटवर हे घडत नाही, तिथे उडी सप्तकाहून मोठी असते.

उपस्वराचा एफ लागला की तसाच धरून ठेवा आणि मग नेहमीच्या बोटांनी एफ वाजवा. पहिला सूर दुसऱ्यापेक्षा भरीव वाटेल. नेहमीच्या बोटांनीही तोच भरीवपणा आणायचा. ‘टोन सुधारा’ म्हणतात तेव्हा नेमकं काय करायचं, हे मला या एका व्यायामातून जितकं कळलं तितकं कशातूनच कळलं नाही.

इथे तोंडातली पोकळी खरोखर काम करते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांनी वादकांच्या तोंडात वाजवतानाच मोजमाप केलं आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. वाद्याच्या नेहमीच्या पल्ल्याच्याही वरचे अतिउंच स्वर काढताना मुरलेले वादक आपल्या तोंडाचा व घशाचा अनुनाद त्या स्वराशी जुळवून घेतात, असं त्यात आढळलं. नवख्यांना ते जमत नव्हतं आणि ते स्वरही निघत नव्हते.

आता मींड

वरच्या सप्तकातला बी घ्या. तो स्थिर भरून धरा, बोटं तशीच ठेवा आणि माउथपीसवर केलं तसं जिभेने बी फ्लॅटवर उतरा. तिथे दोन मात्रा थांबा आणि परत वर या. ट्यूनरवर १०० सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराचा फरक दिसला पाहिजे. खाली उतरल्यावर सूर बारीक झाला तर फुंक कमी पडली आहे. स्वर वाकवताना हवा थोडी जास्तच लागते.

जमलं की तळहाताच्या कळांनी वाजणाऱ्या डी, ई फ्लॅट, ई, एफ या स्वरांकडे जा. तिथे चांगला वादक तीन अर्धस्वर किंवा त्याहून खाली जातो. खालच्या सप्तकात मात्र अर्धा स्वर वाकवतानाही दमछाक होते. उंच स्वरांना नळीतल्या हवेची पकड कमी असते, म्हणून तोंडाचं म्हणणं चालतं. खाली नळीच वरचढ असते. तेव्हा मधल्या जी स्वरावर मोठी मींड जमली नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. तिथे जबडा किंचित सैल सोडून छोटी ओढ घेतली तरी चालते.

आणखी एक गोष्ट फार जण उलटी समजतात. लावलेला स्वर वर फारसा वाकत नाही. खालून चढत येणारी जी मींड ऐकू येते, ती वाजवणारा आधीच खाली वाकवून सुरू करतो आणि मग स्वर त्याच्या जागी सोडतो. म्हणून उतरलेल्या स्थितीतच जिभेने स्वर सुरू करण्याचा सराव वेगळा करा. तो उतरण्यापेक्षा अवघड आहे.

लांबच्या मिंडीला एकटं तोंड पुरत नाही. १९२८ पासून अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात आल्टो वाजवणारे जॉनी हॉजेस यांच्या घसरत जाणाऱ्या स्वरांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. कर्नाटक संगीतातली गमकं आल्टोवर आणणारे कद्री गोपालनाथ हे दुसऱ्या परंपरेतलं उदाहरण. दोघांचं वादन लागोपाठ ऐकावं. लांब मिंडीचा बोटांकडचा भाग असा: जी स्वरावरून ए स्वरावर जाताना कळ पटकन न सोडता पॅड अगदी सावकाश उचलू द्या. मधली खाच तोंडाने भरून काढायची, म्हणजे ए लागण्याआधी जीभ किंचित खाली आणि लागताच जागेवर. आधी दोन स्वरांवर हे बसवा, तिसरा नंतर जोडा.

हे सगळं रोज अर्ध्या तासाच्या वर करू नका, त्यातही उपस्वर आणि वाकवणं मिळून पंधरा मिनिटं पुरे. ओठाच्या आत वळ दिसले तर त्या दिवसापुरता माउथपीसवरच्या एच्या परीक्षेकडे परत जा.