वाळवंटी वाटेवर सोबत सापडते ती सावलीत

अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर एकटे निघालात, तर सोबती शोधत वेग वाढवू नका. पाणी आणि सावली असेल तिथे थोडं जास्त थांबा. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या कँपोपासून केनेडी मेडोजपर्यंतचा साधारण १,१०० किलोमीटरचा टप्पा बराचसा कोरडा आहे, त्यामुळे सगळ्यांचे थांबे आपोआप एकच होतात. शिवाय मार्च ते मे या काळात दक्षिण टोकावरून लांब पल्ल्यासाठी दिवसाला ५०च परवाने मिळतात. म्हणजे तुमच्या आसपास सुटलेली तीच मंडळी पुन्हा पुन्हा दिसत राहतात.

भर दुपारी या टप्प्यातल्या सिझर्स क्रॉसिंग या ठिकाणी रस्त्याच्या पुलाखाली बूट-मोजे काढून बसा, कानातले इअरफोनही काढा आणि शेजारी येऊन बसलेल्याला विचारा, ‘पुढच्या झऱ्याला पाणी आहे का?’ नाव-गाव विचारण्यापेक्षा ही सुरुवात कितीतरी बरी, कारण उत्तर दोघांच्याही कामाचं असतं. नाव तसंही मागे पडतं. वाटेवरचं टोपणनाव बहुधा दुसरेच ठेवतात (आणि ते फारसं कौतुकाचं असेलच असं नाही!).

एक मात्र सांभाळा. आवडत्या गटासोबत राहण्यासाठी त्यांच्या वेगाने चालू नका. पहिल्या आठवड्यात पायाला फोड येतात ते बऱ्याचदा यामुळेच. पाणी, फिल्टर, नकाशा स्वतःचा ठेवा, म्हणजे मागे राहिलात तरी अडणार नाही. पुढच्या पाण्यावर ते बसलेले भेटतातच.