गरोदर कर्मचारी आणि विद्यार्थिनी: विद्यापीठात, कॉलेजात या चुका टाळा

सोलापुरात उन्हाळी परीक्षा येतात त्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार गेलेला असताना. एखादी विद्यार्थिनी तेव्हा आठव्या महिन्यात असेल, तर परीक्षा केंद्राला ते बहुतेक वेळा पहिल्या पेपरच्या सकाळीच कळतं. मग धावपळ होते आणि सगळे तिलाच विचारतात, ‘आधी का नाही सांगितलंस?’ पण सांगायचं कुणाला, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

पहिली चूक हीच. प्रत्येक विभागात आणि कॉलेजात एक व्यक्ती नेमून द्या आणि तिचं नाव सूचना फलकावर लावा. एका पानाचा अर्ज पुरतो: ड्यू डेट, डॉक्टरांनी घातलेली बंधनं, रजेचा अंदाज आणि ही गोष्ट कुणाला कळलेली तिला चालेल. पुरावा म्हणून माता व बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स घ्या. लग्नाचा दाखला, नवऱ्याची सही मागू नका. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गोड बातमी’ तर तिच्या परवानगीशिवाय कुणीही टाकू नये. तेवढ्यामुळेही मुली पुढच्या वेळी लपवतात.

तारखा शेवटी मोजणं

सगळं ड्यू डेटवरून ठरतं, म्हणून कॅलेंडर चौथ्या महिन्यातच मांडा. समजा ड्यू डेट 15 जून आहे. प्रसूती लाभाच्या कायद्यात (नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत) कर्मचारी महिलांना 2017 पासून 26 आठवडे म्हणजे 182 दिवस भरपगारी रजा आहे आणि प्रसूतीआधी त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात. म्हणजे लवकरात लवकर 20 एप्रिल. त्या दिवशी रजा सुरू झाली तर 18 ऑक्टोबरला संपते. दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर रजा 12 आठवड्यांची, त्यातले 6 आधी.

आपल्याकडे गाडं अडतं ते इथे. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात डोहाळजेवण झालं की मुलगी बार्शीला, विजयपूरला नाहीतर कलबुर्गीला जाते. ती मार्चअखेर गेली, तर 20 एप्रिलपर्यंतचे दिवस प्रसूती रजेत बसत नाहीत आणि कार्यालय ते थेट विनावेतन लावून मोकळं होतं. त्या दिवसांसाठी अर्जित किंवा वैद्यकीय रजेचा अर्ज माहेरी जाण्याआधीच घ्या. डॉक्टरांनी गरोदरपणातल्या आजाराचा दाखला दिला, तर कायद्यात एक महिन्याची वेगळी रजाही आहे.

दुसरा घोळ म्हणजे दोन नियमांची सरमिसळ. राज्य शासनाचे रजा नियम ज्यांना लागू आहेत त्यांना 180 दिवस मिळतात आणि दोन मुलांची अट वेगळ्या प्रकारे लागते. कोणत्या नियमाखाली रजा मंजूर केली, ते आदेशात लिहाच.

आणखी एक तारीख हमखास सुटते. ड्यू डेटच्या सहा आठवडे आधीचा जो महिना, त्यात तिने मागणी केली तर कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. आपल्या उदाहरणात हा महिना 4 एप्रिल ते 4 मे असा येतो. नेमकी सुपरव्हिजनची धामधूम तेव्हाच असते. तीन तास वर्गात फेऱ्या मारण्याऐवजी तिला उत्तरपत्रिकांची मोजणी, बैठक व्यवस्थेचे तक्ते असं बसून करायचं काम द्या. आणि 4 मेनंतरही ती कामावर येत असेल, तर तिची ही मागणी तेव्हाही मान्य करावीच लागते.

‘सीएचबीला कसली रजा?’

सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या. त्यांच्याबाबत हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि बाई निमूट घरी बसते. कायद्याची अट आहे ती ड्यू डेटच्या आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम केल्याची. कायद्याने दिवस मोजायला सांगितलेत. तासिकांची बेरीज करून त्याला आठाने भागणं चूक. मस्टरवर ज्या दिवशी सही आहे तो दिवस धरा. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या महिलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये रोजंदारीवरच्यांनाही हा लाभ असल्याचं सांगितलं आणि 2023 मध्ये करार मध्येच संपला तरी लाभ थांबत नाही, असंही स्पष्ट केलं. तेव्हा तोंडी नकार देऊ नका. लेखी अर्ज घ्या, आवक क्रमांक द्या, कारणासह लेखी उत्तर द्या.

विद्यार्थिनींची 75 टक्के हजेरी

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) डिसेंबर 2021 मध्ये विद्यापीठांना पत्र पाठवून पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजा आणि हजेरीतल्या सवलतीचे नियम करायला सांगितलं. पीएचडीला 2022 च्या नियमावलीनुसार संपूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. चूक अशी होते की रजा मंजूर होते, पण दर सहा महिन्यांच्या प्रगती सादरीकरणाची तारीख कुणी पुढे ढकलत नाही आणि अहवालात ‘गैरहजर’ पडतं. दोन्ही एकाच आदेशात लिहा.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. त्या दिवशी इंटर्नल टेस्ट ठेवली तर तिला एक तरी सोडावं लागतं. अशा वेळी टेस्ट दुसऱ्या दिवशी घ्या.

प्रयोगशाळेत दोन टोकं दिसतात. एक तर काहीच बदलत नाही, नाहीतर ‘तू येऊच नकोस’ म्हणून मुलीचं वर्ष जातं. फॉर्मेलिन, झायलीन, बेंझीन, इथिडियम ब्रोमाइड, एक्स-रे उपकरणं आणि रोगजंतूंची कल्चर्स यांपासून तिला दूर ठेवा. ते काम जोडीदाराने करावं, निरीक्षणं आणि आकडेमोड तिची. मास्क बांधला की झालं, असं समजू नका. साधा मास्क वाफ अडवत नाही.

पेपरच्या दिवशी

जोडबाकात बाक आणि मेज यांतलं अंतर पक्कं असतं. आठव्या महिन्यात पोट त्यात मावत नाही, मुलगी तीन तास तिरकी बसून लिहिते आणि कंबर धरते. तिला सुटं टेबल-खुर्ची द्या. तळमजल्यावर, पंख्याखाली, स्वच्छतागृहाजवळ. पाण्याची बाटली आणि लाडू-खजूर आत नेऊ द्या. लघवीला जाताना महिला पर्यवेक्षक सोबत असावी. त्यात गेलेला वेळ भरून मिळणार का, हे परीक्षा विभागाने फॉर्म भरतानाच लेखी ठरवावं. केंद्रावर ऐनवेळी वाद घालून काही निघत नाही.

रक्तस्राव, पाणी जाणं, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटका, बाळाची हालचाल मंदावणं यांपैकी काहीही दिसलं तर ‘पेपर संपू दे’ म्हणू नका. 108 किंवा 102 ला फोन करा, डाव्या कुशीवर झोपवा आणि तिचं कार्ड सोबत द्या. सोलापूर विद्यापीठाचा केगावचा परिसर पुणे महामार्गावर आहे, म्हणून रुग्णवाहिकेला नेमकं गेट सांगा आणि तिथे माणूस उभा करा.

परतल्यावर

मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दुधासाठी दिवसातून दोन सुट्या मिळतात. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही हवी आणि तिथे दिवसातून चार वेळा जाऊ द्यायला हवं. दूध काढायला स्वच्छतागृहात पाठवू नका. आतून कडी असलेली खोली, खुर्ची, प्लग आणि हात धुवायला पाणी एवढं पुरतं. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात खोली त्याहून तापलेली असते, म्हणून ते लगेच फ्रीजमध्ये जायला हवं. पण विभागाच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये मुळीच नाही. रसायनं आणि कल्चर्स जिथे असतात तिथे बाळाचं दूध ठेवायचं नाही. स्टाफरूममधल्या फ्रीजचा एक कप्पा नाव लिहून मोकळा करून द्या.