ब्लँटायरच्या कॅज्युअल्टीत काम करायला जाणाऱ्यांसाठी

आफ्रिकेतल्या मलावीला जायचं ठरवलेले तरुण डॉक्टर मला फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेकदा यंत्रांचा असतो. व्हेंटिलेटर किती, सीटी चालू असतं का, रात्री लॅब मिळते का. प्रश्न रास्त आहेत. पण ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये काम केल्यावर माझं ठाम मत झालंय की तिथे पेशंट वाचणार की जाणार हे बहुतेक वेळा यंत्रापर्यंत पोहोचायच्या आधीच ठरतं. तो दारात आल्यावर त्याला कुणी पाहिलं, किती मिनिटांत पाहिलं आणि पुन्हा कधी पाहिलं, यावर सगळं अवलंबून असतं.

याला आधार आहे, आणि तो याच रुग्णालयातला आहे. 'क्वीन्स' हे देशातलं सगळ्यात मोठं सरकारी रुग्णालय. तिथल्या बालरोग विभागात एलिझाबेथ मॉलिन्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रांगेची पद्धतच बदलली. बाह्यरुग्ण आणि तातडीचा विभाग जवळजवळ आणला, मुलं कुठून कुठे जातील तो मार्ग सरळ केला, कर्मचाऱ्यांना ट्रायाज, म्हणजे कुणाला आधी पाहायचं ते गंभीरतेनुसार ठरवणं, आणि पहिले उपचार शिकवले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार भरती मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण आधी १० ते १८ टक्के होतं, ते नंतर ६ ते ८ टक्क्यांवर आलं. नवं महागडं यंत्र त्यात एकही नव्हतं. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने हा निबंध आधी वाचावा असं मला वाटतं. पुढची सगळी शिकवण त्यातूनच उलगडते.

ट्रायाज मनापासून शिका

आपल्याकडच्या सरकारी कॅज्युअल्टीत जो जास्त ओरडतो, ज्याच्याबरोबर माणसं जास्त, त्याच्याकडे आधी धाव घ्यायची सवय नकळत लागते. ती तिथे मोडावी लागते. आफ्रिका खंडातल्या अनेक देशांत 'साउथ आफ्रिकन ट्रायाज स्केल' वापरतात. केप टाउनच्या परिसरातल्या डॉक्टर-नर्सेसनी ती तयार केली आणि ती परिचारिकेने करायची आहे हे लक्षात घेऊनच बेतली. श्वासाचा वेग, नाडी, वरचं बीपी, तापमान, शुद्ध, चालता येतं की नाही आणि मार लागलाय का, एवढ्यावर गुण द्यायचे. लाल म्हणजे लगेच, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा चार तासांत.

कागदावर हे सोपं वाटतं. अवघड असतं ते श्वास मोजणं. पूर्ण मिनिटभर, घड्याळ हातात धरून. गर्दीत ते मिनिट फार लांब वाटतं आणि बहुतेक जण 'वीस' लिहून मोकळे होतात. बाकावर भिंतीला टेकून गप्प बसलेला तरुण, कुठेही रक्त नाही, विचारलं तर 'बरा आहे' म्हणतो, आणि श्वास मोजला तर छत्तीस. असे पेशंट रोज असतात. तिथल्या एका अनुभवी सिस्टर रांगेच्या शेवटापासून पाहायला सुरुवात करायच्या, कारण ज्याच्यात पुढे सरकायचं बळ नाही तो मागेच राहतो. ही युक्ती मला कुठल्याही कोर्समध्ये मिळाली नव्हती, आणि ती मी आजही वापरते.

लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'इटॅट' ही ट्रायाज आणि तातडीच्या उपचारांची पद्धत आहे. ती घडवण्यात मलावीचा वाटा मोठा आहे. मोठ्यांसाठी 'बेसिक इमर्जन्सी केअर' हा कोर्स आहे. जागतिक आरोग्य संघटना, रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आणि इमर्जन्सी मेडिसिनचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी मिळून २०१८ साली तो आणला. त्याचं पुस्तक मोफत मिळतं. एमडी झाला असलात तरी ते जाण्याआधी पूर्ण करा. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदू, अंग उघडून तपासणं, या क्रमाने तिथला क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टरची पदवी नसलेला, पण उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी), नर्स आणि तुम्ही एकाच भाषेत बोलायला लागलात की काम वेगाने होतं.

सलाईनबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय

पेशंट गार पडला, नाडी बारीक, की आपला हात सलाईनकडे जातो. 'दोन बाटल्या सोडा' हे वाक्य आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की त्याला कारण लागत नाही. आफ्रिकेतल्याच संशोधनाने हे वाक्य थांबवलंय.

केनिया, युगांडा आणि टांझानियात 'फीस्ट' नावाचा अभ्यास झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेली ३१४१ मुलं त्यात होती. काहींना झटपट सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचा द्रव) दिलं, काहींना फक्त नेहमीच्या गतीने. पहिल्या ४८ तासांत झटपट द्रव दिलेल्या गटांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं गेली, न दिलेल्या गटात ७.३ टक्के. म्हणजे जे वाचवण्यासाठी करत होतो त्यानेच जास्त मुलं दगावली. २०१७ साली लुसाकाच्या युनिव्हर्सिटी टीचिंग हॉस्पिटलमधला प्रौढांवरचा अभ्यास आला. सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागणं) आणि बीपी पडलेले २१२ पेशंट, त्यातले बहुतेक एचआयव्हीबाधित. ठरवून भरपूर द्रव आणि बीपीची औषधं दिलेल्यांत मृत्यू ४८.१ टक्के, नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के.

कारणांवर अजून वाद चालू आहेत. पण वॉर्डात उभं राहिलं की काही गोष्टी समोर दिसतात. मलेरियाने हिमोग्लोबिन चारवर आलेल्या मुलाचं रक्त आणखी पातळ करून काय मिळणार? त्याला रक्त हवंय. कुपोषित मुलाचं हृदय तो भार पेलत नाही. आणि छातीत पाणी भरलं तर पुढे नळी टाकून व्हेंटिलेटरवर ठेवायची सोय फारच थोडी. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयात द्रव जास्त झाला तर सावरायला आयसीयू असतं. तिथे तशी जागा मिळेलच असं नसतं.

त्यामुळे मुलांच्या बाबतीत नियम पक्का पाठ करा. हातपाय गार, नख दाबून सोडल्यावर केशिका (बारीक रक्तवाहिन्या) भरायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ, आणि नाडी क्षीण व जलद, ही तिन्ही लक्षणं एकत्र असली तरच जागतिक आरोग्य संघटना त्याला शॉक म्हणते. तेव्हाही किलोला १० ते २० मिली, अर्ध्या ते एका तासात. तीव्र रक्तक्षय किंवा कुपोषण असेल तर नियम वेगळे. जुलाबाने सुकलेलं मूल, भाजलेलं मूल, अपघातात रक्त गेलेलं मूल फीस्टमध्ये नव्हतं, त्यांना द्रव लागतोच. हा फरक न समजता 'आफ्रिकेत सलाईन देत नाहीत' असं धरून बसलात तर ते तितकंच घातक.

आणि द्रव सुरू केला की बाजूला थांबा. यकृत हाताला लागतंय का, फुफ्फुसाच्या तळाला बुडबुड ऐकू येते का, श्वास वाढला का, हे दर थोड्या वेळाने पाहायचं. ड्युटीवर दुसरे तीस पेशंट असताना हे जमवणं हीच खरी कसोटी आहे.

अपघात

ॲम्ब्युलन्स मुख्यतः एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पेशंट नेतात. रस्त्यावरून जखमी येतो तो मिनीबसमधून, पोलिसांच्या गाडीतून किंवा 'मातोला'तून, म्हणजे माणसं वाहणाऱ्या पिकअपमधून. मानेला आधार नसतो, पायाला फळी नसते. सायकल आणि मोटारसायकलवरच्या भाड्याच्या 'कबाझा'चे अपघात फार. नोव्हेंबरपासून आंब्याचा हंगाम लागला की झाडावरून पडलेली मुलं येतात, कोपराजवळ हात मोडून. कोकणातल्या कुणाला हे नवीन वाटणार नाही.

फुफ्फुसाभोवती साठलेली हवा किंवा रक्त काढायला छातीत नळी घालणं हे तिथलं सगळ्यात उपयोगी कौशल्य आहे. निघण्याआधी ते हाताला पक्कं बसवून घ्या. तयार ड्रेनेज सेट संपलेला असतो तेव्हा स्वच्छ बाटली घ्यायची, नळीचं टोक पाण्याखाली दोन सेंटिमीटर, दुसरी वाट हवेसाठी मोकळी, पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावून तारीख-वेळ लिहायची. खोकायला सांगितलं की बुडबुडे येतात, आणि थोड्या वेळाने पेशंट पूर्ण वाक्य बोलू लागतो. धोका पुढे असतो: एक्स-रेला नेताना कुणीतरी बाटली उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतो. बाटली छातीच्या खालीच राहिली पाहिजे, हे ढकलणाऱ्याला आणि नातेवाइकाला, दोघांना दाखवून सांगा.

मांडीचं हाड मोडलेले पेशंट ट्रॅक्शनवर, म्हणजे वजनाने पाय ताणून, आठवडेच्या आठवडे असतात. पर्किन्स ट्रॅक्शन म्हणजे नडगीतून पिन, वजन, आणि पलंगाचा खालचा भाग काढून रोज गुडघा हलवायचा व्यायाम. आपल्याला जुनाट वाटतं, पण नीट केलं तर हाड जुळतं आणि गुडघाही आखडत नाही. हे सगळं पाहतात ऑर्थोपेडिक क्लिनिकल ऑफिसर. मलावीत त्यांचं प्रशिक्षण १९८५ पासून चालू आहे आणि देशातल्या हाडांच्या बहुतांश दुखण्यांचा भार त्यांच्यावर आहे. जिल्हा रुग्णालयांत बहुतेक सिझेरियनही क्लिनिकल ऑफिसरच करतात. एमबीबीएसचा शिक्का घेऊन त्यांना सूचना द्यायला जाऊ नका. पहिले काही आठवडे त्यांच्या मागे उभं राहून शिका.

रक्त ही सगळ्यात दुर्मीळ गोष्ट. शाळा-कॉलेजची मुलं मोठ्या संख्येने रक्तदान करतात, त्यामुळे सुट्ट्या लागल्या की तुटवडा पडतो. म्हणून वाहतं रक्त थांबवणं हाच पहिला उपचार: दोन हातांनी दाब, ओटीपोटाचं हाड मोडलेल्याला चादरीचा घट्ट पट्टा, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड असेल तर दुखापतीपासून तीन तासांच्या आत एक ग्रॅम. छातीत किंवा फुटलेल्या गर्भनलिकेमुळे पोटात साठलेलं रक्त गाळून त्याच पेशंटला परत देण्याची पद्धतही तिथे पाहायला मिळते.

एका बाबतीत मात्र महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयातून गेलेला डॉक्टर तयार असतो, ते म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा. विदर्भ-मराठवाड्यात इंटर्नशिप केलेल्याने ॲट्रोपिन, म्हणजे त्यावरचा उतारा, हातात धरून रात्री काढलेल्या असतात. तोच हिशेब तिथेही: डोळ्यांच्या बाहुल्यांकडे पाहत बसायचं नाही, छाती कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर आणि बीपी ८० च्या वर आलं का ते पाहायचं, तोवर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट.

पेशंट आणि त्याची माणसं

प्रत्येक पेशंटकडे 'हेल्थ पासपोर्ट' असतो. छोटी वही, कडा झिजलेल्या, बहुतेकदा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. लहानपणच्या लसींपासून मागच्या मलेरियापर्यंत सगळं त्यात. ती आधी उघडा. दहा प्रश्न विचारायचे वाचतात. आणि तुम्ही लिहिलेलं पुढच्या आरोग्य केंद्रात कुणीतरी वाचणार आहे, तेव्हा सुवाच्य लिहा.

पेशंटबरोबर राहणाऱ्या नातेवाइकाला तिथे 'गार्डियन' म्हणतात. अंघोळ घालणं, जेवण रांधून आणणं, कूस बदलणं, लघवी मोजून सांगणं, सगळं त्याच्याकडे. एका नर्सवर अख्खा वॉर्ड असतो तेव्हा श्वास वाढल्याचं पहिल्यांदा त्यालाच कळतं. त्याला नेमकं काय पाहायचं ते सांगा: 'आई, छाती अशी आत ओढली गेली तर लगेच हाक मारा.' वयस्क बाईला 'अमायी', पुरुषाला 'बाम्बो', आजी-आजोबांना 'अगोगो'. काहीही विचारण्याआधी 'मुली ब्वांजी' म्हणून खुशाली विचारायची. घाईतही हे टाळू नका. न विचारता थेट पोट चाचपायला लागलेला डॉक्टर त्यांना उद्धट वाटतो, आणि मग खरी हकिगत मिळत नाही.

मृत्यू खूप पाहावे लागतात, विशेषतः मुलांचे. याला सरावून जावं असं मला वाटत नाही. प्रत्येक मृत्यूनंतर टीमबरोबर पाच मिनिटं बसून, काय वेळेवर झालं आणि काय राहिलं, ते कुणाला दोष न देता बोलावं. जिथे हे नियमाने होतं तिथली माणसं टिकतात.

जाण्याआधीची तयारी

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र (तुमची नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचं) लवकर मागवा, कारण मलावीच्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही आणि लावूही नये. सहा महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर जाण्याचा फेरविचार करा. तुम्हाला शिकवण्यात तिथल्या लोकांचा जो वेळ जातो तो तेवढ्यात फिटत नाही. हिपॅटायटिस बी ची लस आणि टायटर (लस लागू पडली का ते पाहणारी रक्ततपासणी) करून घ्या. सुई टोचली तर एचआयव्हीसाठीची औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच, सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. ती रात्री दोन वाजता कुठे मिळतात हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. मलेरियाची प्रतिबंधक गोळी आणि मच्छरदाणी चुकवू नका. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे प्रवास असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र जवळ असू द्या, भारतात परतताना ते मागू शकतात.

बॅगेत स्वतःचा पल्स ऑक्सिमीटर, त्याचा लहान मुलांचा प्रोब, कपाळावर बांधायचा दिवा, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि भरपूर सेल ठेवा. वीज जाते तेव्हा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी यंत्रं) बंद पडतात, आणि जनरेटर लागेपर्यंत कुणाला आधी सिलिंडर जोडायचा हे अंधारातच ठरवावं लागतं.

शक्य असेल तर मे-जूनमध्ये पोहोचा. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल असतो, आणि जानेवारीपासून मलेरियाची मुलं एका पलंगावर दोन-दोन, तीन-तीन असतात. कोरड्या महिन्यांत तिथल्या सिस्टर्सना आणि क्लिनिकल ऑफिसर्सना तुम्हाला शिकवायला थोडी उसंत मिळते, आणि पाऊस सुरू होईपर्यंत तुमचा हात त्यांच्या कामाला लागलेला असतो.