टू मीटर बँड 146 लाच संपतो

खानापूर-निपाणी पट्ट्यात टू मीटर या हॅम (हौशी) रेडिओच्या बँडसाठी नवा हँडसेट घेतलात, तर बोलायचं बटण दाबण्याआधी मेन्यूत ट्रान्समिटची हद्द 144 ते 146 मेगाहर्ट्झ अशी बांधून घ्या. बरेच सेट अमेरिकन बँडप्रमाणे 148 पर्यंत चालतात. आपल्याकडे हॅम परवाना रिस्ट्रिक्टेड दर्जाचा असो वा जनरल, 146 च्या पुढे जायचं नाही. अगदी काठावरही बसू नका. एफएम सिग्नल मधल्या आकड्यापासून दोन्हीकडे साधारण 8 किलोहर्ट्झ पसरतो, म्हणजे 145.995 वर बोललात की बँडबाहेर गेलातच. राजहंसगडासारख्या उंचीवरून पाच वॅटही लांब जातात, तिथे तर हे आधी तपासाच.

40 मीटर या 7 मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या हॅम बँडला खालची कड जपायची: एलएसबी (लोअर साइडबँड, तिथे बोलण्याची पद्धत) डायलच्या आकड्याखाली 3 किलोहर्ट्झ जागा घेतो. तसंही तिथला तळाचा भाग मोर्सवाल्यांसाठी सोडतात. वरची हद्द 7.200, परदेशी तक्त्यातलं 7.300 इथे चालत नाही.